सभासद व्हा आज, मत द्या दोन वर्षांनी

जुन्या विद्वत्संस्थेत निवडणुकीच्या आधीचे तीन महिने कसे असतात, हे कार्यालयातल्या लेखनिकाला विचारावं. एरवी महिन्याला चार-दोन येणारे सभासदत्वाचे अर्ज गठ्ठ्याने येऊ लागतात. पन्नास अर्जांवर सूचक एकच, अनुमोदक एकच, अक्षरही एकच. मोबाइलच्या रकान्यात तेच पाच-सहा क्रमांक आलटून-पालटून. वर्गणी रोख, नाहीतर सगळ्यांची मिळून एकाच खात्यातून. मग इतके दिवस निवांत असलेलं कार्यकारी मंडळ जागं होतं. नको असलेले अर्ज ‘छाननीसाठी’ कपाटात जातात आणि हवे असलेले त्याच आठवड्याच्या बैठकीत मंजूर होतात. पुढचा क्रम ठरलेला: धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार, हरकत, स्थगितीचा अर्ज, निवडणूक लांबणीवर. २०२५ च्या अखेरीस मुंबईच्या एशियाटिक सोसायटीची निवडणूकही नव्या सभासदांच्या नोंदणीवरून झालेल्या वादातच पुढे गेली. दोनशे वर्षांहून जुनी संस्था बातम्यांत आली ती पोथ्यांमुळे नव्हे, मतदार यादीमुळे.

असा वाद झाला की दोन सूचना हमखास पुढे येतात. एक गट म्हणतो, पात्रता कडक करा; पदवी, संशोधन, प्रकाशित लेख मागा, म्हणजे उगाच भरती होणार नाही. दुसरा म्हणतो, ही सार्वजनिक संस्था आहे, जो वर्गणी भरेल त्याला घ्या आणि मत देऊ द्या. दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात: सभासदत्व आणि मताधिकार एकाच पावतीवर मिळतात. ती गाठ सोडवली तर निम्मं भांडण संपतं. सभासदत्व सोपं, जलद आणि सर्वांना खुलं असावं. मताधिकार मात्र दोन वर्षांनी मिळावा, आणि तो कधी मिळतो याची तारीख निवडणुकीच्या कितीतरी आधी ठरलेली असावी.

‘पात्रता’ हा शब्द इथे चुकीच्या ठिकाणाहून येतो, म्हणून आधी त्याच्याबद्दल. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव नसेल तर राज्यात डॉक्टरला रुग्ण तपासता येत नाही, आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत सततच्या वैद्यकीय शिक्षणाचे ३० श्रेयगुण (क्रेडिट पॉइंट) जमवावे लागतात. हे योग्यच आहे, कारण नोंदवही रुग्णासाठी असते. वास्तुविशारदांची नोंदणी १९७२ च्या कायद्याने झालेली परिषद करते. पण जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १९१७ साली सुरू केलेल्या संघटनेतून उभी राहिलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही वेगळी चीज आहे. तिचं सभासदत्व नसलेला वास्तुविशारदही घरं बांधू शकतो. त्याहून पुढे एशियाटिक सोसायटी, भारत इतिहास संशोधक मंडळ, मराठी विज्ञान परिषद यांच्यासारख्या संस्था. त्या कुणाला परवाना देत नाहीत. ग्रंथालय, नियतकालिक, व्याख्यानं, संग्रह हे त्यांचं काम. दारात पदवी तपासून इथे कोणत्या ग्राहकाचं संरक्षण होणार आहे? होतं ते फक्त आत बसलेल्यांचं.

याचा इतिहास मुंबईतच आहे. सर जेम्स मॅकिंटॉश यांनी २६ नोव्हेंबर १८०४ रोजी लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे सुरू केली. तीच पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. तीस-पस्तीस वर्षं तिच्यात एकही भारतीय सभासद नव्हता. माणकजी करसेटजी यांचा अर्ज आधी एकदा गुप्त मतदानात फेटाळला गेला. ते आत आले १८४० साली. कलकत्त्याची सोसायटी १७८४ ची, तिने भारतीयांना घेतलं १८२९ मध्ये. म्हणजे पूर्वेकडच्या विद्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला पूर्वेकडचा माणूस घ्यायला कलकत्त्यात पंचेचाळीस वर्षं लागली, मुंबईत छत्तीस. नियमात कुठे ‘भारतीय नको’ असं लिहावं लागलं नव्हतं. सभासदांनी सभासद निवडायचा, कारण सांगायचं नाही, एवढी पद्धत पुरेशी होती.

आणि एकदा दार उघडल्यावर आत कोण आलं ते पाहा. भाऊ दाजी लाड ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. शिलालेखांवरचं त्यांचं काम दवाखाना सांभाळून झालेलं. ते संस्थेचे उपाध्यक्ष झाले. पहिले भारतीय अध्यक्ष काशिनाथ त्र्यंबक तेलंग वकील आणि नंतर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. पां. वा. काणे यांचा पेशा वकिलीचा, आणि धर्मशास्त्राच्या इतिहासासाठी त्यांना १९६३ साली भारतरत्न मिळालं. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभारणारे राजवाडे कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती. यांच्यापैकी एकाकडेही पीएच.डी. नव्हती. ‘संबंधित विषयातील विद्यावाचस्पती पदवी अथवा पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव’ ही अट आज उत्साहाने सुचवली जाते. ती तेव्हा असती तर महाराष्ट्राच्या इतिहास-संशोधनाचा मोठा भाग दाराबाहेर राहिला असता.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने नेमकं उलट केलं आणि तिचा दर्जा वाढला. १८४७ पर्यंत तिथे ओळखीपाळखीचा सद्गृहस्थ वर्गणी भरून फेलो होऊ शकत असे; त्या वर्षी नियम बदलले, वर्षाला १५ च निवडायचे आणि वैज्ञानिक काम पाहून निवडायचे असं ठरलं. मुंबईचे जहाजबांधणी अभियंते आर्देशिर करसेटजी वाडिया १८४१ साली, म्हणजे या सुधारणेच्या आधी, तिचे पहिले भारतीय फेलो झाले होते. संख्या बांधल्याने तिला फायदा झाला हे मान्य. पण ती फेलोशिप आहे, सन्मान आहे. सन्मानाची संख्या मर्यादित नसेल तर त्याला किंमत राहत नाही. आणि तिथेही निकष आतल्यांच्या हाती असले की काय होतं ते दिसलं: १९०२ साली शास्त्रज्ञ हर्था एअर्टन यांचं नाव सुचवलं गेलं, तेव्हा विवाहित स्त्री फेलो होऊ शकत नाही असा कायदेशीर सल्ला मिळाला. चार वर्षांनी त्याच संस्थेने त्यांना ह्यूज पदक दिलं. पहिल्या दोन स्त्रिया फेलो झाल्या १९४५ मध्ये. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीची गंमत आणखी निराळी: १८९२-९३ मध्ये २२ स्त्रियांना घेतलं, मग दार बंद, आणि ते पुन्हा उघडलं १९१३ साली.

म्हणून फेलोशिप ठेवायची असेल तर ती सभासदत्वापासून पूर्ण वेगळी ठेवावी. वर्षाला किती द्यायच्या ते घटनेतच लिहावं. मध्यम आकाराच्या संस्थेला तीन पुरेत. निवड समितीत बाहेरचे किमान दोन जाणकार असावेत, निवडीची कारणं छापावीत, आणि पदावर असलेल्या कुणाला ती मिळू नये. पद सोडल्यावर दोन वर्षंही नाही. फेलोला जादा मत नको. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी फेलोशिप म्हणजे मावळत्या कार्यवाहांचा सत्कार असतो, तो शाल-श्रीफळ देऊनही करता येतो.

आता कायदा. महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्वत्संस्था दोन कायद्यांखाली नोंदलेल्या असतात: १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. पहिल्याच्या कलम १५ मध्ये सभासदाची व्याख्या आहे. संस्थेच्या नियमांनुसार ज्याला प्रवेश मिळाला, ज्याने वर्गणी भरली किंवा सभासद-नोंदवहीत सही केली आणि ज्याने राजीनामा दिलेला नाही, तो सभासद. वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली असेल तर त्याला मत नाही आणि सभासद म्हणून मोजायचंही नाही. कायद्याचा पाया एवढाच. बाकी सगळं ‘संस्थेच्या नियमांनुसार’ या शब्दांवर सोडलेलं आहे. आणि ते नियम, ज्याला आपण घटना म्हणतो, पुष्कळदा दुसऱ्या कुठल्यातरी संस्थेच्या घटनेतून नाव बदलून उतरवलेले असतात.

संस्थेने आपले सभासद स्वतः ठरवावेत, या हक्काला सर्वोच्च न्यायालयाने भक्कम आधार दिला आहे. अलाहाबादच्या हिंदी साहित्य संमेलनाचा कारभार भांडणांत अडकला तेव्हा संसदेने १९६२ साली कायदा करून संस्थेची रचनाच बदलली आणि नवे सभासद आत आणण्याची सोय केली. दमयंती नारंगा खटल्यात १९७१ साली न्यायालयाने तो कायदा रद्द केला. संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्यात, ज्यांनी ती स्वेच्छेने उभी केली त्यांनीच ती चालवत राहण्याचं स्वातंत्र्यही येतं. बाहेरून लादलेल्या सभासदांमुळे ते मोडतं, असा त्याचा आशय. साहित्यसंस्थेच्या सभासदत्वावरून भारताच्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमाचा अर्थ ठरला, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. हक्क मोठा आहे, पण नियमच धड लिहिलेले नसतील तर तो वापरणार कसा?

गंमत अशी की जे शहाणपण विद्वानांना सुचलं नाही ते साखर कारखान्यांच्या आणि पतसंस्थांच्या अनुभवातून सहकार कायद्यात आलं. नव्या वैयक्तिक सभासदाला नोंदणीपासून दोन वर्षं मताधिकार नाही, अशी तरतूद महाराष्ट्राच्या सहकारी संस्था अधिनियमात केली गेली. विद्वत्संस्थांना हा कायदा लागू नाही, पण आपल्या घटनेत तसा नियम लिहायला त्यांना कुणी अडवलेलं नाही.

दोनच वर्षं का? सहा महिने ठेवले तर पॅनेलप्रमुख सहा महिने आधी तयारी करतो, एवढाच फरक पडतो. हिशेब करून पाहा. वार्षिक वर्गणी १,००० रुपये आणि २०० माणसं भरायची म्हटली तर सहा महिन्यांच्या अटीत खर्च एकदाच, दोन लाख. दोन वर्षांची अट आणि दरम्यानची प्रत्येक वर्गणी मुदतीत भरलेली असण्याची अट एकत्र ठेवली तर तीनदा वर्गणी भरावी लागते: सहा लाख. शिवाय दोन वर्षांनी ती माणसं आपल्याच बाजूने राहतील याची खात्री नाही. त्यातली काही तर ग्रंथालयात येऊ लागतात आणि खरेच सभासद बनतात, जे संस्थेला हवंच आहे. तीन किंवा पाच वर्षं मात्र फार झाली. कार्यकारी मंडळाची मुदत साधारण तीन ते पाच वर्षांची असते. इतकी लांब प्रतीक्षा म्हणजे तरुण अभ्यासकाला एक अख्खी निवडणूक बाहेरून पाहायला लावणं.

तारखा घटनेतच लिहाव्यात, कारण ‘कार्यकारी मंडळ ठरवेल ती तारीख’ हे शब्द असले की ती तारीख कुणाच्या सोयीने ठरणार हे उघड आहे. समजा निवडणूक सप्टेंबर २०२८ मध्ये आहे. मग मत त्याला, जो ३१ ऑगस्ट २०२६ किंवा त्याआधी सभासद झाला आणि ज्याने चालू वर्षापर्यंतची सगळी वर्गणी ३० जून २०२८ पर्यंत भरली. कच्ची यादी ५ जुलैला फलकावर आणि संकेतस्थळावर. हरकतींना १५ दिवस. निर्णय ३१ जुलैपर्यंत लेखी. पक्की यादी १० ऑगस्टला, आणि त्यानंतर तिच्यात एक अक्षर बदलायचं नाही. कलम १५ मधली तीन महिन्यांची थकबाकीची अट एकटीने पुरत नाही ती याचसाठी: मतदानाच्या आदल्या संध्याकाळी उमेदवाराचा माणूस येतो आणि चाळीस जणांची थकबाकी एका दमात भरून जातो. ३० जूनची रेषा असेल तर ते पैसे जमा होतील, मत मिळणार नाही. यादीत नाव, सभासद क्रमांक, नोंदणीचं वर्ष आणि गाव एवढंच छापावं. दूरध्वनी आणि पत्ता उमेदवारांना देऊ नये. त्यांची पत्रकं कार्यालयाने सर्वांना सारखी पाठवावीत.

या व्यवस्थेचा खरा लाभ मतदानाच्या दिवशी नव्हे, अर्जाच्या खिडकीवर दिसतो. आज आलेल्या माणसाला येत्या निवडणुकीत मत नाहीच म्हटल्यावर त्याचा अर्ज अडवण्यात कुणाला रस राहत नाही. नोंदणी एक दिवसही बंद ठेवावी लागत नाही. ‘निवडणूक असल्याने नवीन सभासद घेणे थांबवले आहे’ अशी पाटी लावणारी संस्था वर्गणीही घालवते आणि वाचकही.

तरीही अर्जाची पद्धत घट्ट हवी. अर्ज येताच अनुक्रमांक आणि तारखेची पोच. त्याच क्रमाने विचार, मधला अर्ज वगळून पुढचा घ्यायचा नाही. ६० दिवसांत निर्णय. न झाल्यास अर्ज मंजूर झाला असं समजायचं. ही शेवटची ओळ लिहिली की कपाटातली छाननी आपोआप बंद होते. नकार लेखी, आणि त्याची कारणं घटनेत मोजून लिहिलेली: खोटी माहिती, पूर्वी शिस्तभंगासाठी काढलेलं असणं, किंवा वर्गणी स्वतःच्या खात्यातून न भरणं. चौथं कारण नको. ‘संस्थेच्या हिताला बाधक’ असलं मोघम कारण म्हणजे माणकजींना नाकारणाऱ्या त्या गुप्त मतदानाचंच नवं रूप. वर्गणी धनादेशाने किंवा यूपीआयने, अर्जदाराच्या नावावरच्या खात्यातूनच. विद्यार्थ्याच्या बाबतीत आई-वडिलांचं खातं चालावं. एका मोबाइल क्रमांकावर एकच सभासद, पती-पत्नी असतील तर दोन.

सूचक-अनुमोदकाची अट मात्र काढून टाकावी असं आम्हाला वाटतं. गडचिरोलीत नाणी जमवणारा शिक्षक मुंबईतल्या दोन सभासदांच्या सह्या कुठून आणणार? उलट गठ्ठ्याने भरती करणाऱ्याला त्या सह्या चुटकीसरशी मिळतात. म्हणजे ज्याला अडवायचं त्याला ही अट अडवत नाही आणि ज्याला आणायचं त्याला नेमकं अडवते. ठेवायचीच असेल तर एका सभासदाने वर्षात पाचांहून जास्त नावं सुचवू नयेत, आणि त्याचं स्वतःचं सभासदत्व दोन वर्षं जुनं असावं.

आजीव सभासदत्व हा सगळ्या गोंधळाचा मूळ झरा आहे, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं. दोन वर्षांच्या अटीतून निसटायचा सर्वांत स्वस्त मार्ग तोच, कारण पैसे एकदाच भरावे लागतात. यावर नियम सोपा: आजीव सभासद होण्याआधी सलग तीन वर्षं वार्षिक सभासद असलंच पाहिजे. दुसरी अडचण पैशाची. वार्षिक वर्गणी १,००० आणि आजीव १०,००० हे प्रमाण अनेक ठिकाणी दिसतं. दहा हजार ठेवीत ठेवले आणि ७ टक्के व्याज मिळालं तर वर्षाला ७०० रुपये येतात. म्हणजे पहिल्याच वर्षापासून प्रत्येक आजीव सभासदामागे ३०० रुपयांची तूट, आणि अंक छापण्याचा, टपालाचा, पगाराचा खर्च तर दरवर्षी वाढतोच. खर्च वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतो आणि सभासद तीस वर्षं सेवा घेतो असं धरलं, तर मुद्दल संपवत नेऊनही आज साडेएकवीस हजार रुपये लागतात. आजीव वर्गणी वार्षिक वर्गणीच्या वीस-बावीस पट असली पाहिजे ती यामुळे. साठी ओलांडलेल्यांना ती निम्मी ठेवता येईल. आणि हे पैसे कायम निधीत जावेत. निवडणुकीच्या वर्षी आलेल्या आजीव वर्गणीतून त्याच वर्षीचे पगार भागवणाऱ्या संस्था आपलं पुढचं उत्पन्न खात असतात.

तिसरी अडचण याहून अवघड: आजीव सभासद वारतात, पण यादीत जिवंत राहतात. चार हजारांची यादी, गणपूर्ती एक दशांश, म्हणजे ४०० माणसं हवीत. सभागृहात खुर्च्या २००. मग दरवर्षी सूचनापत्रात ते ठरलेलं वाक्य येतं: ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही.’ महाराष्ट्रात हे वाक्य इतकं पाठ आहे की सभासद मुळात अर्ध्या तासाने उशिराच येतात. चहाच्या कपांइतक्या हातांनी घटनादुरुस्त्या मंजूर होतात त्या या तहकूब सभेत, आणि काही वेळा तर ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ या खात्यात.

मृतांची आणि बेपत्तांची नावं काढून टाका, असं सांगणं सोपं आहे, पण तो अधिकार कार्यकारी मंडळाला दिला की विरोधकच आधी ‘बेपत्ता’ होतात. म्हणून नाव काढायचं नाही, बाजूला ठेवायचं. दर पाच वर्षांनी प्रत्येक आजीव सभासदाला टपालाने, संदेशाने आणि ई-मेलने मिळून तीन वेळा विचारावं, सहा महिन्यांच्या अवधीत. उत्तर न आल्यास नाव निद्रिस्त यादीत: गणपूर्तीसाठी मोजायचं नाही, मतपत्रिका पाठवायची नाही, अंक मात्र चालू ठेवायचा. सहीचं एक पत्र आलं की नाव परत, शुल्क न घेता. फक्त ते पत्र निवडणुकीच्या वर्षी ३० जूनच्या आत यायला हवं. सहकारात ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर ‘क्रियाशील सभासद’ ही कल्पना आली आणि पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजेरी मागितली गेली. ती अट इथे आणू नये. पुण्यातल्या संस्थेच्या सभेला सदाशिव पेठेतला माणूस चालत जातो. सावंतवाडीच्या सभासदाला त्यासाठी रात्रीची गाडी पकडावी लागते.

उरलेल्या वर्गांबद्दल थोडक्यात. विद्यार्थ्यांना निम्मी वर्गणी आणि दोन वर्षांनी पूर्ण मत. संस्था-सभासदांना, म्हणजे महाविद्यालयं आणि ग्रंथालयांना, मत नको. प्राचार्यांच्या पत्रावर कोण मत देऊन जातं हे तपासता येत नाही. मानद सभासदांना मत नको. संस्थेच्या पगारी सेवकांना आणि तिच्याशी व्यवहार असलेल्या मुद्रक-कंत्राटदारांना सभासद होता यावं, पण ते नातं असेपर्यंत मत देता येऊ नये. सेवकांना हे कठोर वाटेल. तरी ज्याची वेतनवाढ ज्याच्या हाती, त्यालाच तो निवडून देतो, ही स्थिती त्यांच्याच दृष्टीने जास्त वाईट आहे.

टपाली मतदानाची जुनी दुखणी मतपत्रिका कशी परत येते याच्याशी बांधलेली आहेत. दोन लिफाफे हवेत: आतल्यावर काही खूण नाही, बाहेरच्यावर सभासद क्रमांक आणि सही. परतीचा पत्ता संस्थेच्या कार्यालयाचा नव्हे तर टपाल पेटीचा, आणि किल्ली निवडणूक अधिकाऱ्याकडे. घरोघर फिरून कोऱ्या मतपत्रिका गोळा करणाऱ्यांना याने पूर्ण आळा बसत नाही, पण सही नोंदवहीतल्या सहीशी ताडून पाहता येते. ऑनलाइन मतदानात ओटीपी ज्या मोबाइलवर जातो तो कुणाचा, हा प्रश्न. अर्जांच्या गठ्ठ्यात एकच क्रमांक वीस जणांचा असेल तर संगणक त्या एका माणसाला वीस मतं द्यायला देईल, तेही अगदी नियमाप्रमाणे. साहित्य महामंडळाने २०१८ साली संमेलनाध्यक्षाची निवडणूकच सोडून दिली आणि एकमताने निवड करायला सुरुवात केली. २०१९ च्या यवतमाळ संमेलनाला अरुणा ढेरे तशा पहिल्या अध्यक्ष झाल्या. एका सन्मानाच्या पदासाठी ते शोभलं. पण ज्यांच्या हाती इमारत, ठेवी आणि हस्तलिखितं आहेत त्या कार्यकारी मंडळांसाठी तो मार्ग नाही. यादी बिघडली म्हणून मतदान सोडलं तर उरतात ते फक्त जुने विश्वस्त आणि त्यांनी निवडलेले नवे विश्वस्त.

सभासदाला काढण्याबाबत बेळगावच्या एका फ्रीमेसन लॉजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच चौकट घालून दिली: संस्था आपल्या नियमांप्रमाणे सभासद काढू शकते, पण नियम काटेकोर पाळून, सद्भावनेने आणि त्याचं म्हणणं ऐकून. म्हणून लेखी आरोप, २१ दिवसांची मुदत, कार्यकारी मंडळाबाहेरच्या तिघांपुढे सुनावणी, आणि सर्वसाधारण सभेकडे अपील. निवडणुकीच्या आधीच्या सहा महिन्यांत कुणालाही काढायचं नाही.

हे लिहून न ठेवल्यास किंमत कुठे मोजावी लागते? धर्मादाय कार्यालयात. निवडणुकीनंतर ९० दिवसांत १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज, म्हणजे निवडून आलेल्या नव्या नावांची नोंद करण्याचा अर्ज, द्यायचा असतो. मतदार यादीवर वाद असला की दोन गट दोन बदल अर्ज देतात, एकमेकांवर हरकती घेतात आणि प्रकरण वर्षानुवर्षं चालतं. तोवर परिशिष्टावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीत, जुनीच नावं. त्यातले काही वारलेले असतात. बँक नव्या सह्या घेत नाही, अनुदानाचा प्रस्ताव पुढे सरकत नाही, छपराच्या दुरुस्तीचं कंत्राट अडतं आणि पावसाळा तर कुणासाठी थांबत नाही. शेवटी त्याच कायद्याच्या कलम ५० अ खाली कार्यालय स्वतःच संस्थेच्या कारभाराची योजना घालून देऊ शकतं. ती योजना करणाऱ्या अधिकाऱ्याला ताम्रपटाच्या ठशांशी देणंघेणं असण्याचं कारण नाही; त्याच्यासमोर शाळा, देवस्थान आणि विद्वत्संस्था सारख्याच फायली असतात.

बदल कसे करावेत याचा नमुना १८६० च्या कायद्यातच आहे. संस्थेचा उद्देश बदलायचा तर कलम १२ प्रमाणे १० दिवस आधी लेखी प्रस्ताव, विशेष सभेत तीन पंचमांश मतं, आणि महिन्याभराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन पंचमांश. सभासदत्वाच्या नियमांना हीच पद्धत लावावी, कारण सभासद बदलले की उद्देश बदलायला वेगळा ठराव लागत नाही. आणि हा विषय तहकूब, बिनगणपूर्तीच्या सभेत घेता येणार नाही, असं स्पष्ट लिहावं. त्यासाठी आधी निद्रिस्त यादी करून गणपूर्ती गाठता येईल अशा आकड्यावर आणावी लागेल. हा क्रम उलटा केला तर दुरुस्ती कधीच मंजूर होणार नाही.

वेळ एकच योग्य: निवडणूक होऊन गेल्यानंतरचे पहिले सहा महिने, जेव्हा पुढच्या वेळी कोण कोणत्या बाजूला असेल हे कुणालाच ठाऊक नसतं. ज्यांचे अर्ज तेव्हा प्रलंबित असतील त्यांना जुन्या नियमाने घ्यावं. मात्र त्यांच्या दोन वर्षांची मोजणी मंजुरीच्या नव्हे, अर्जाच्या पोचेवरच्या तारखेपासून व्हावी. कपाटात अडकवून ठेवलेल्या अर्जदाराला त्या कपाटाचा दंड नको.